धाकट्यानं किती थांबायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

३ ऑगस्ट २००८, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं जेमतेम लाखभर वस्तीचं शहर आहे. तिथल्या लॅम्बो फील्ड या स्टेडियमवर त्या दिवशी हजारो लोक जमले होते ते एक सराव सामना बघायला. आपलेच खेळाडू आपल्याच खेळाडूंशी खेळणार, निकालाला काही अर्थ नाही. तरीही काही प्रेक्षकांनी आपल्याच संघातल्या एका मुलाची हुर्यो उडवली. त्याच संध्याकाळी गावच्या विमानतळाच्या कुंपणाला लोक चिकटून उभे होते. ज्याच्या जागी तो मुलगा खेळत होता, तो माणूस विमानानं परत येत होता.

परत येणारा होता ब्रेट फार्व्ह, वय ३८. हुर्यो ऐकून घेणारा होता ॲरन रॉजर्स, वय २४.

हा सगळा मामला अमेरिकन फुटबॉलचा. त्यातला चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळा हातात धरून पळवायचा किंवा फेकायचा असतो. आपली मुलं तिकडे शिकायला, नोकरीला गेली की पहिल्या वर्षी हा खेळ त्यांना कळत नाही, आणि कळायला लागला की रविवारी ती घरच्यांचा फोन उचलत नाहीत. या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू त्याच्या हातात येतो आणि पुढच्या तीनेक सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकायचा कुणाकडे. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावत येत असतात.

क्रिकेटमध्ये एका टोकाला अनुभवी फलंदाज आणि दुसऱ्या टोकाला नवखा, असं पाच-सहा वर्षं सुखानं चालू शकतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ती सोय नाही. मैदानात एका वेळी एकच. दुसरा कडेला टोपी घालून, हातात कागद घेऊन उभा. आठवडाभराच्या सरावातही मुख्य संघाबरोबर पहिलाच खेळणार. दुसऱ्याच्या वाट्याला बहुतेकदा येतं ते येत्या रविवारच्या प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकचं सोंग घेणं, म्हणजे आपल्या बचावफळीला सराव मिळावा. एखादा मुलगा तीन-तीन वर्षं असा दुसऱ्यांच्या नकला करत काढतो आणि चाहते म्हणतात, यानं अजून केलंय काय?

आता फार्व्हबद्दल. मिसिसिपी राज्यातल्या किल्न या खेडेगावात वाढलेला हा गडी १९९१ मध्ये अटलांटाच्या संघात गेला. तिथं वर्षभरात चार पास फेकले. एकही आपल्या माणसाला पोचला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. अशा माणसाला ग्रीन बे पॅकर्सचे व्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी पुढच्या वर्षी आपल्या संघात आणलं, आणि तेही पहिल्या फेरीतली निवड मोजून, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक समारंभातली पहिल्या फेरीतली आपली एक पाळी सोडून देऊन. २० सप्टेंबर १९९२ ला पॅकर्सचा पहिला क्वार्टरबॅक डॉन माइकाउस्की याचा घोटा दुखावला आणि फार्व्ह मैदानात उतरला. चाचपडत, धडपडत खेळला आणि तेरा सेकंद शिल्लक असताना टचडाउनचा पास फेकून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाकडे चेंडू पोचवून, सामना २४-२३ असा काढला. त्यानंतरच्या रविवारपासून त्याची जी जागा पक्की झाली, ती २००७ चा हंगाम संपेपर्यंत. साखळीतले सलग २५३ सामने पॅकर्सचा खेळ त्यानंच सुरू केला. बोट मोडलेलं असो, घोटा सुजलेला असो. २००३ च्या डिसेंबरमध्ये वडील वारले, तर दुसऱ्या दिवशी रात्री ओकलंडला जाऊन त्यानं चार टचडाउन फेकले. लागोपाठ तीन वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा मान, १९९६ च्या हंगामाचं विजेतेपद. ग्रीन बेमध्ये जी पोरं त्याला बघत मोठी झाली, त्यांनी आपल्या संघात दुसरा पहिला क्वार्टरबॅक पाहिलेलाच नव्हता.

आणि हे शहर साधं नव्हे. अमेरिकेतल्या बाकीच्या संघांचे मालक धनाढ्य माणसं किंवा कुटुंबं असतात. पॅकर्सचे मालक लाखो भागधारक आहेत. १९२३ पासून ही व्यवस्था आहे. त्या शेअरवर लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही. लोक तो चौकटीत घालून भिंतीवर लावतात. पण या मालकांना क्वार्टरबॅक कोण हे मात्र ठरवता येत नाही! तो अधिकार पगारी व्यवस्थापकाचा. तेव्हा ते व्यवस्थापक होते टेड थॉम्पसन. कमी बोलणारा माणूस. अशा माणसाबद्दल लोक वाटेल ते समजू शकतात, आणि तसं ते समजलेही.

थॉम्पसन यांनी रॉजर्सला निवडलं ते २३ एप्रिल २००५ रोजी. नव्या खेळाडूंच्या त्या निवड-समारंभाला ड्राफ्ट म्हणतात. रॉजर्स पहिल्या क्रमांकावर जाईल अशी चर्चा होती. टीव्हीचे कॅमेरे रोखलेले, आणि एकेक संघ त्याला वगळून पुढं जातोय. तासन्‌तास बसून राहिल्यावर चोविसाव्या क्रमांकावर पॅकर्सनं त्याचं नाव पुकारलं. फार्व्ह तेव्हा ३५ वर्षांचा होता. त्या वर्षी पॅकर्स चार जिंकले, बारा हरले, आणि फार्व्हचे २९ पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. म्हातारा झाला, आता बस कर, असं म्हणणारे गावात तेव्हाही होते. दोन वर्षांनी त्याच म्हाताऱ्यानं संघाला तेरा विजय मिळवून दिले, टचडाउन पासांचा डॅन मरीनोचा विक्रम मोडला आणि संघाला अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवलं. उंबरठ्यावरच सगळं फिसकटलं. जानेवारी २००८, लॅम्बो फील्डवर उणे १८ च्या आसपास थंडी, बरोबरीनंतरची जादा वेळ, आणि फार्व्हचा पास न्यूयॉर्क जायंट्सच्या खेळाडूच्या हातात. पॅकर्ससाठीचा तो त्याचा शेवटचा पास ठरला.

मार्चमध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली. पत्रकार परिषदेत ढसाढसा रडला.

आपल्याकडे विजय मर्चंट यांच्या नावावर एक सल्ला सांगितला जातो. निवृत्त अशा वेळी व्हावं की लोकांनी ‘का?’ असं विचारावं, ‘अजून का नाही?’ असं नव्हे. फार्व्हनं अगदी तेच केलं. सगळा देश ‘का?’ विचारत होता. पण जुलै उजाडला, सरावाचे दिवस जवळ आले आणि तो प्रश्न त्यालाही पडला. मला वाटतं, मर्चंटांच्या सल्ल्यात एवढी एक फट आहे. ज्याच्या अंगात खेळ शिल्लक आहे त्याला घरी बसवणार कोण?

त्यानं परत येतो म्हणून कळवलं. दरम्यान संघानं सगळी आखणी रॉजर्सला धरून केलेली. मग जे सुरू झालं त्यानं विस्कॉन्सिनमधली घरं दुभंगली म्हटलं तरी चालेल. स्टेडियमबाहेर फार्व्हच्या बाजूनं मेळावा झाला. निवृत्तच राहावं म्हणून क्लबनं त्याला जाहिरात-प्रसिद्धीचा कोट्यवधी डॉलरचा करार देऊ केला, अशा बातम्या आल्या, आणि त्यानं आगीत तेल ओतलं. एका बाजूचे म्हणत, सोळा वर्षं त्यानं हाडं मोडून घेतली, त्याची जागा त्यानं सोडेपर्यंत त्याचीच. दुसऱ्या बाजूचे म्हणत, दर उन्हाळ्यात याचं ‘खेळू की नको’ ऐकून कान किटले, शब्द दिला तर पाळ. आणि सगळ्यांत रास्त वाटणारे तिसरे म्हणत, दोघांना सरावात उतरवा, जो सरस ठरेल तो खेळेल.

हे तिसरं मत ऐकायला छान आहे. मला ते सर्वांत भोळं वाटतं. चार आठवड्यांच्या सरावात चाळिशीला टेकलेला कसलेला खेळाडू नवख्याला मागं टाकणारच, यात नवल ते काय? रॉजर्सनं त्या तीन वर्षांत खऱ्या सामन्यांत फेकलेले पास होते एकूण ५९. त्यातले २६ तर एकाच रात्रीचे, डॅलसविरुद्ध फार्व्ह जखमी झाला तेव्हाचे. आतल्या माणसांनी मात्र त्याचे हजारो पास पाहिले होते. चेंडू कानाजवळ उंच धरायची त्याची कॉलेजातली सवय मोडून नवी बसवली होती. चाहत्याकडे हिशेबाला ५९ पास, प्रशिक्षकाकडे तीन वर्षं. दोघांचं एकमत होणार कसं?

दुसरी गोष्ट कराराची. रॉजर्सचा पहिला करार पाच वर्षांचा, आणि त्यातली तीन बाकावर संपलेली. आणखी एखादं-दोन वर्षं त्याला बसवलं असतं तर तो न खेळताच दुसऱ्या संघात गेला असता. म्हणजे चाहते भांडत होते ते ‘या रविवारी कोण बरा?’ यावर, आणि थॉम्पसन यांच्यापुढचा प्रश्न होता ‘हा मुलगा आणखी किती थांबेल?’ थोरला संपला म्हणून बदल होत नाही, धाकट्याला आणखी थांबवता येत नाही म्हणून होतो. ग्रीन बेच्या सगळ्या भांडणात हे एवढंच कुणी फारसं बोलत नव्हतं.

अखेर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फार्व्हला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडलं. सौद्यात एक मजेशीर अट असल्याचं तेव्हा छापून आलं. जेट्सनं त्याला पॅकर्सचा हाडवैरी मिनेसोटा व्हायकिंग्ज याच्याकडे पाठवलं, तर पहिल्या फेरीतल्या तीन निवडी भरपाई द्यायच्या. जेट्सनं वर्षाअखेर त्याला करारातून मोकळं केलं, आणि गडी आपल्या पायांनी व्हायकिंग्जकडे गेला. अट राहिली कागदावर.

पहिल्या वर्षाचा निकाल बघाल तर फार्व्हवाल्यांचं बरोबर निघालं. रॉजर्सचे पॅकर्स सहा जिंकले, दहा हरले. जेट्सचे विजय नऊ. २००९ मध्ये तर कहर झाला. चाळिशीच्या फार्व्हनं व्हायकिंग्जसाठी ३३ टचडाउन फेकले, फक्त सात पास गमावले आणि पॅकर्सना दोन्ही सामन्यांत हरवलं. लॅम्बो फील्डवर तो जांभळ्या जर्सीत आला तेव्हा ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच त्याची हुर्यो उडवली. तो संपला होता असं म्हणणारे साफ चुकले होते. आणि त्याला जाऊ देणारे थॉम्पसन तरीही बरोबर होते. कारण पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०११ मध्ये, रॉजर्सनं पिट्सबर्गला ३१-२५ असं हरवून पॅकर्सना सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून दिला.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे नेहमी तरुणालाच पुढं करावं. तसंही नाही. डेन्व्हरचं उदाहरण बघा. १५ नोव्हेंबर २०१५. पेटन मॅनिंग, वय ३९. त्या दिवशी त्यानं कारकिर्दीतल्या एकूण पासिंग यार्डांचा, म्हणजे पास फेकून संघाला मिळवून दिलेल्या अंतराचा, विक्रम मोडला, तोही फार्व्हचाच. आणि त्याच सामन्यात चार पास गमावल्यामुळे त्याला बाहेर बसवलं! जागा घेतली ब्रॉक ऑस्वायलरनं. त्यानं सातपैकी पाच सामने जिंकून दिले. मॅनिंगचा हात गेलाय, हे कुणालाही दिसत होतं. तरी शेवटच्या साखळी सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला परत आणलं, आणि फेब्रुवारीत डेन्व्हरनं सुपर बोल जिंकला. खरं तर तो जिंकला त्यांच्या बचावफळीनं. मॅनिंगनं फक्त घोळ घातला नाही, आणि तेवढं पुरलं. ऑस्वायलर चार वर्षांच्या ७२ दशलक्ष डॉलरच्या करारावर ह्यूस्टनला गेला आणि एका हंगामात त्यांना नकोसा झाला.

ग्रीन बेला परत येऊ. फार्व्हबद्दलचा राग ओसरायला काही वर्षं लागली. २०१५ च्या जुलैमध्ये त्याचा चार नंबर संघानं कायमचा राखून ठेवला, तेव्हा स्टेडियमच्या इमारतीत चाललेला कार्यक्रम मैदानावरच्या पडद्यावर बघायला सुमारे ६७ हजार लोक जमले होते. सामना नव्हता, काही नव्हतं.

आणि २३ एप्रिल २०२० रोजी, रॉजर्सच्या निवडीला बरोबर पंधरा वर्षं झाली त्याच तारखेला, पॅकर्सनं पहिल्या फेरीत जॉर्डन लव्ह नावाच्या मुलाला उचललं. रॉजर्स ३६ वर्षांचा. आता थोरल्याच्या जागी तो होता. चाहते चिडले: आम्हाला झेल घेणारा हवा होता, हा कशाला आणला? रॉजर्सनं पुढची दोन्ही वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. लव्ह तीन वर्षं बाकावर, आधीच्यासारखाच. २०२३ मध्ये रॉजर्सला धाडलं, तेही जेट्सकडेच. इतकी कल्पनाशून्य पुनरावृत्ती एखाद्या मालिकेच्या लेखकानंही केली नसती. जेट्सकडे पहिल्याच सामन्यात, चौथ्यांदा चेंडू हातात आला तोच रॉजर्सच्या टाचेची शीर तुटली आणि त्याचं वर्ष संपलं.

लव्हचं पहिलं वर्ष निम्म्यापर्यंत रडतखडत चाललं. नऊपैकी तीनच विजय. गावात पुन्हा तीच कुजबुज. मग गाडी रुळावर आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बाद फेरीत पॅकर्सनं डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असं झोडपलं. डॅलसचे प्रशिक्षक कोण होते ठाऊक आहे? माइक मॅकार्थी. तेच, जे २००८ मध्ये पॅकर्सचे प्रशिक्षक होते.

दुसऱ्या दिवसापासून वाद डॅलसमध्ये सुरू झाला: आपला तिशीतला क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट ठेवायचा की बदलायचा? हा प्रेस्कॉट म्हणजे २०१६ मध्ये नवखा असताना, छत्तिशीतला टोनी रोमो पाठ दुखावून बाहेर बसला तेव्हा ज्यानं त्याची जागा घेतली आणि परत दिली नाही, तोच.