हातात द्यायची पुस्तके

(बेळगावातील वाचक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

वाचक मित्रहो,

‘बाई, काहीतरी चांगलं वाचायला सांगा की,’ असे कोणी म्हणाले की पूर्वी मी लगेच मानाची, जाडजूड, पारितोषिक मिळालेली पुस्तके सांगत असे, आणि महिन्याभराने तीच व्यक्ती बाजारात भेटली की पुस्तकाचा विषय टाळून पावसापाण्याचे बोलू लागे. पुस्तके उत्तमच होती. पण समोरच्या माणसाने याआधी काय वाचले आहे, त्याचे शिक्षण कानडी माध्यमात झाले की मराठीत, त्याला दिवसाकाठी वाचायला अर्धा तास तरी मिळतो का, यांपैकी काहीही न विचारता मी ती सुचवली होती. म्हणून आज मी मराठीतील थोर ग्रंथांची यादी सांगणार नाही. आपल्या सीमाभागातल्या वाचकाच्या हातात मी आधी कोणते पुस्तक देते, आणि त्यातले कोणते पान उघडून देते, एवढेच सांगणार आहे.

एक जुनी आठवण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी शाळेत असताना बाहेरगावाहून नवे शिक्षक आले होते. वर्गात शिरताना मी ‘सर, मी आलो’ असे म्हणाले. आपल्याकडे मुली सर्रास असेच बोलतात. माझी आई तसे बोलायची, आज्जी तसे बोलायची. त्यांनी मला दारातच थांबवून ‘मी आले’ हे दहा वेळा म्हणायला लावले आणि तुमची भाषा म्हणजे भेसळ आहे, असे साऱ्या वर्गाला सांगितले. त्यानंतर कितीतरी वर्षे मी चारचौघांत आधी मनात वाक्य जुळवून मगच बोलत असे. ‘जेवालोय’, ‘करालोय’ म्हणणारी आपली मुले आजही पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर गप्प होतात, आणि ज्याला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटते, त्याला त्या भाषेतले पुस्तकही परके वाटू लागते. म्हणूनच आपले बोलणे ज्यांनी कान देऊन ऐकले, त्या लेखकांची पुस्तके आधी द्यावीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यांत माझ्या मनात पहिले येते ते प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’. हे पुस्तक 1994 साली आले. त्यापाठोपाठ ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आली. संत कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत. दगडांचे थर वाचणाऱ्या या माणसाने आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या मनाचे थर तितक्याच सबुरीने उलगडले आहेत. या कथांमध्ये मराठी बोलता बोलता कानडी सहज येते, माणसांची नावे आपल्या शेजारच्या घरातली वाटतात, आणि लंपनला जे जे विलक्षण वाटते ते ते ‘मॅड’ असते. कथेतले हे बोलणे विनोदासाठी घातलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे. त्या मुलाचे एकटेपण, सुमीबद्दलची त्याची ओढ, त्याची भीती, हे सारे याच भाषेत व्यक्त होते आणि तिला कुठेही अपुरेपणा जाणवत नाही. मी हे पुस्तक चाळिशीनंतर वाचले. वाचता वाचता मला शाळेचे ते दार आठवले, आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. सातवी-आठवीतल्या मुलाला हे पुस्तक देताना ‘वाच’ म्हणून सोडून देऊ नका. पहिली कथा त्याच्याशेजारी बसून मोठ्याने वाचा, कारण कानडी माध्यमातल्या मुलाचा मराठी वाचनाचा वेग कमी असतो आणि त्याच्या डोळ्यांपेक्षा त्याचे कान या भाषेला जास्त सरावलेले असतात.

मोठ्यांसाठी हेच काम पु. ल. देशपांडे यांचे ‘गणगोत’ करते. पु. ल. काही काळ आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि त्या काळात लाभलेल्या स्नेहातून ‘रावसाहेब’ हे व्यक्तिचित्र उभे राहिले. ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे, त्यामुळे त्याविषयी फार बोलत नाही. एवढेच सुचवते की रावसाहेबांच्या कानडी वळणाच्या मराठीवर हसून झाले की तेच चित्र एकदा एकट्याने, शांतपणे वाचावे, म्हणजे त्या हसण्याखालची माया दिसते.

प्रकाश संतांच्या मातोश्री इंदिरा संत यांचे आयुष्य याच गावात गेले. त्यांच्या कवितांपैकी ‘मेंदी’ आणि ‘रंगबावरी’ हे संग्रह मी अवश्य सुचवते. पण ज्या घरात पुस्तकाची सवय नाही, तिथे मी त्यांची ‘मालनगाथा’ नेते. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्या इंदिराबाईंनी त्यात जमवल्या आहेत आणि त्यांवर अतिशय जिव्हाळ्याने लिहिले आहे. माझ्या आत्याला अक्षरओळख नव्हती. तिच्या शेवटच्या पावसाळ्यात, भाताची लावणी चालू असताना, मी तिच्या अंथरुणाशी बसून हे पुस्तक वाचत असे. एके दिवशी एका ओवीची पहिली ओळ वाचून मी श्वास घ्यायला थांबले, तर तिने डोळे न उघडताच दुसरी ओळ म्हटली. छापलेल्या ओळीत आणि तिच्या ओळीत एका शब्दाचा फरक होता. मी तिला तो सांगितला, तेव्हा ती म्हणाली, ‘असंल गं, आमच्यात असंच म्हणतात.’ मी पेन्सिल घेऊन तिचा शब्द समासात लिहून ठेवला. ज्या बाईला आयुष्यभर ‘अडाणी’ म्हटले गेले, तिचाही या पुस्तकावर कवयित्रीइतकाच हक्क होता, हे मला त्या दिवशी कळले.

जी. ए. कुलकर्णी यांच्याविषयी एक सावधगिरीची सूचना. त्यांचा जन्म 1923 साली चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा, शिक्षण बेळगावचे, आणि नोकरी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्याची. ते आपले म्हणून आपण अभिमानाने नव्या वाचकाला थेट ‘काजळमाया’ देतो, आणि बहुतेक वेळा तो वाचक पुन्हा जीएंकडे फिरकत नाही. त्या कथांना आधी थोडी तयारी लागते. त्यामुळे मी सुरुवात ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’पासून करून देते. जीएंच्या निधनानंतर आलेल्या या पुस्तकात बालपणाचा परिसर आणि त्यातली माणसे आठवणींच्या वाटेने येतात, आणि वाचक त्यांच्या वाक्याच्या लयीला सरावतो. मग ‘निळा सावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, आणि त्यानंतर ‘काजळमाया’ अशा क्रमाने जावे.

रणजित देसाईंचे कोवाड इथून जवळच आहे. ‘स्वामी’ आपल्याकडे घरोघरी वाचली जाते. तिची शिफारस मी करायला नको.

आता ज्या घरात वडील मराठी वाचतात आणि मुले कानडी, अशा घरांविषयी. अशी घरे आपल्याकडे वाढत आहेत, आणि त्याची बोच मलाही आहे. तरीही अशा घरात एकच कादंबरी दोन भाषांत न्यावी, असा माझा आग्रह आहे. एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ मुलाने मुळातून वाचावी आणि वडिलांनी उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादातून. उमाताईंचा जन्म बेळगावचाच. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कानडी मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि तो ऐकत ऐकत त्या मराठीत उतरवीत. ही सारी हकिगत त्यांच्या ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात आली आहे. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या ओळखीच्या एका घरात बाप-लेक रात्री जेवणानंतर आपापली प्रत घेऊन बसत, आणि अमुक शब्दाला तुझ्याकडे काय आहे, असे एकमेकांना विचारत. मराठीसाठी भांडण्याचा आपला हक्क मला पूर्ण मान्य आहे, आणि 1946 साली याच गावातल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे मी कधी विसरत नाही. पण त्या घरातला मुलगा आता मराठी पुस्तकही मागून घेतो, हेसुद्धा मला आनंदाने सांगावेसे वाटते.

आज मी बोलले ती पुस्तके त्या टेबलावर ठेवली आहेत. प्रत्येकात जिथून सुरुवात करावी असे मला वाटते, तिथे कागदाची चिठ्ठी घातली आहे. वहीत नाव लिहून ज्याला जे हवे ते घरी न्यावे. परत आणण्याची घाई नाही. फक्त ‘वनवास’ची शिवण सुटली आहे, पाने निसटतात, तेवढी प्रत जपून उघडा. आणि ‘मालनगाथे’च्या समासात पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द दिसेल, तो खोडू नका.