मुडदूस म्हणून सोडून देऊ नका, फॉस्फरस तपासा

रक्तातलं एफजीएफ-23 नावाचं प्रोटीन मोजायच्या प्लेटवरच्या या खाचा बघा, एका प्लेटवर 96 असतात. आत्ता निळ्या दिसतायत, वरून ॲसिड पडलं की पिवळ्या होतात, आणि जितकी पिवळी गडद तितकं प्रोटीन जास्त. पहिल्या दोन रांगांत मात्र कुणाचंच रक्त नाहीये. तिथे आहे एफजीएफ-23, माणसाचंच प्रोटीन, पण लॅबमध्ये पेशींकडून बनवून घेतलेलं, म्हणजे रिकॉम्बिनंट. ते किती घातलंय हे आधीच माहीत असतं, म्हणून त्याच्या रंगाशी ताडून पेशंटचं मोजता येतं.

पूर्ण नाव फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर 23. नाव ग्रोथचं असलं तरी मुख्य काम फॉस्फेटचं, रिपोर्टवर फॉस्फरस म्हणून छापतात तेच. हाडातल्या पेशी ते रक्तात सोडतात, ते किडनीत पोचतं, तिथे क्लोथो नावाचं दुसरं प्रोटीन सोबतीला लागतं, आणि मग किडनी फॉस्फेट परत शोषून घ्यायचं कमी करते, जास्तीचं लघवीवाटे जातं. शिवाय किडनीत व्हिटॅमिन डी ज्या रूपात कामाला येतं ते बनणंही कमी होतं. प्रमाणात असेल तर हे सगळं गरजेचंच आहे, पण प्रमाणाबाहेर गेलं की हाडाला फॉस्फेटच उरत नाही.

आता ही नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजची बायोटेकची लॅब. शेकरवर फ्लास्क फिरतायत त्यांत ई. कोलाय बॅक्टेरिया वाढतोय, त्याच्या आत माणसाच्या एफजीएफ-23 चा जीन घातलाय. आयपीटीजी नावाचं रसायन टाकलं की जीन चालू होतो आणि बॅक्टेरिया प्रोटीन बनवायला लागतो. मग सेंट्रीफ्यूज, मग बर्फात ठेवून सोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींनी, पेशी फोडायच्या. अडचण अशी की यातलं बरंचसं प्रोटीन नीट घडी न पडता गोळे होऊन बसतं, ते विरघळवून परत हळूहळू घडी पाडावी लागते आणि यातच बराच वेळ जातो. प्रोटीनच्या टोकाला हिस्टिडिनची शेपटी जोडलेली असते, ती निकेलच्या कॉलमला चिकटते, बाकीचं वाहून जातं, शेवटी इमिडॅझोल हे रसायन सोडलं की आपलं प्रोटीन सुटून खाली येतं. प्रोटीनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर ही निळी रेघ दिसतेय ना, तेच ते. मॅडम जेल उजेडासमोर धरतायत आणि मागे पोरं मोबाईल काढून उभी आहेत.

पण खरी मेख पुढे आहे. या प्रोटीनची साखळी 251 अमिनो ॲसिडची, आणि 179 नंबरनंतर तिला एन्झाइमची कात्री लागते, तुकडे झाले की काम थांबतं. 178 वर एक साखर बसते ती या कात्रीपासून वाचवते. ई. कोलायला ही साखर बसवता येत नाही, म्हणून ती लागत असेल तर सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवावं लागतं. काही ठिकाणी तर 179 वरचं आर्जिनिन बदलून ग्लुटामिन घालतात म्हणजे कात्री चालतच नाही. हाच बदल काही कुटुंबांत जन्मजात सापडला, पिढ्यान् पिढ्या फॉस्फेट कमी, आणि 2000 साली त्यांच्यावरूनच हा जीन पकडला गेला.

आता चला दिंडोरीकडे. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून बाप-लेक चाललेत, मागून बघा, दोघांचेही पाय गुडघ्यातून तसेच बाहेर. गावात म्हणायचे बापाच्या वळणावर गेलीये. पाच वर्षांची पोर. मुडदूस म्हणून व्हिटॅमिन डी चालू होतं, कोर्सवर कोर्स, फरक शून्य. हिच्या आजाराला एक्सएलएच, म्हणजे एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया म्हणतात, यात पीएचईएक्स नावाचा जीन बिघडतो आणि एफजीएफ-23 वाढून बसतं. बापाला असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीला होतो, मुलग्यांना होत नाही. म्हणजे घरातल्या घरात खूण दिसत होती, कुणी विचारलं नाही.

आजोबांच्या हातात कागद आहे तो देठ परीक्षणाचा रिपोर्ट. एप्रिल छाटणीनंतर देठ काढून लॅबला पाठवतात, त्यात फॉस्फरस कमी आला तर ड्रिपमधून 0:52:34 हे फॉस्फरसचं खत सोडतात. वेलीचा फॉस्फरस दरवर्षी तपासला जातो आणि नातीचा एकदाही तपासला नव्हता, हे आजोबांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःहून सांगितलं.

आणि तपासल्यावरही चुकू शकतं. हा तिचा पहिला रिपोर्ट, फॉस्फरस 2.7, शेजारी नॉर्मल छापलंय 2.5 ते 4.5, कुठेही लाल खूण नाही. पण ती रेंज मोठ्या माणसांची आहे! या वयाच्या मुलांचा फॉस्फरस साधारण 4 च्या वर असतो. कॅल्शियम नॉर्मल आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे मुडदुसात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं, ही जोडी समोर होती तरी 2.7 वर कुणाची नजर थांबली नाही. पुढच्या डॉक्टरांची नजर मात्र तिथे थांबली.

आता दिवसातून चार-पाच वेळा फॉस्फेट आणि सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं कामाला येणारं रूप, चालू आहे. एफजीएफ-23 लाच अडवणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शन 2018 मध्ये अमेरिका आणि युरोपात मंजूर झालं, ते या घराच्या आवाक्यात नाही. उशीर झाला की उंची खुंटते, दातांच्या मुळाशी पू होतो, पायांची ऑपरेशनं लागतात.

या प्लेटवरची एफजीएफ-23 ची टेस्ट महाग आहे, सगळीकडे होतही नाही, आणि पहिल्या पायरीला तिची गरजही नाही. कॅल्शियमसाठी रक्त काढता त्याच रक्तात फॉस्फरस होतो, साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मूल फेंगडं चालत असेल, व्हिटॅमिन डी देऊनही सरळ होत नसेल, तर चिठ्ठीवर फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज लिहून मागा आणि रिपोर्ट आला की वयाची रेंज कुठली लावलीये ते डॉक्टरांना विचारा.