उसुरीच्या बर्फापासून ढाक्यापर्यंत

भांडण मॉस्को आणि पेकिंगचं, म्हणजे सोव्हिएत रशिया आणि चीन या दोन कम्युनिस्ट देशांचं, पण त्याची झळ आपल्यापर्यंत फार लवकर पोचली. ऑगस्ट १९५९ मध्ये ईशान्य सीमेवरच्या लोंगजूला भारतीय आणि चिनी जवानांत गोळीबार झाला. ९ सप्टेंबरला तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेने पत्रक काढलं: झालं ते खेदजनक आहे, आमची दोघांशीही मैत्री आहे. वाचायला अगदी गुळमुळीत! पण सीमेच्या तंट्यात रशियाने आपल्या कम्युनिस्ट भावंडाची बाजू घेतली नाही, हे माओच्या जिव्हारी लागलं. पुढच्याच जुलैत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने चीनमधले हजारावर तज्ज्ञ परत बोलावले. जाताना ते आराखडेही घेऊन गेले. कित्येक कारखाने अर्धवट राहिले.

वॉशिंग्टनमध्ये बऱ्याच जणांना रशिया-चीनचं हे भांडण सगळं नाटक वाटत होतं. दिल्लीने मात्र १९६२ मध्ये मॉस्कोशी मिग-२१ विमानांचा सौदा केला. पण रशिया-चीनमध्ये फट दिसली म्हणून तिच्यावर विसंबायचं नसतं, हे त्याच ऑक्टोबरात कळलं. इकडे चीनने हल्ला केला, तिकडे क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी संकट उभं राहिलं. ख्रुश्चेव्हला चीनला दुखवणं परवडेना. प्रावदा या सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने २५ ऑक्टोबरला सरळ चीनची री ओढली. क्युबाचं निवळल्यावर नोव्हेंबरात पुन्हा सूर बदलला. (दोन वर्षांनी आपल्याकडच्या कम्युनिस्ट पक्षाचीही शकलं झाली, डांगे एकीकडे, नंबुद्रीपाद दुसरीकडे. ती कथा वेगळ्या व्याख्यानाची.)

अमेरिका खऱ्या अर्थाने जागी झाली ती १९६९ मध्ये. २ मार्चला रशिया-चीन सीमेवरच्या उसुरी नदीतल्या झेनबाओ बेटावर चिनी सैनिकांनी दबा धरून तीसएक सोव्हिएत जवान मारले. नदी गोठलेली होती. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या सोव्हिएत दूतावासातल्या एका अधिकाऱ्याने जेवताना एका अमेरिकन अधिकाऱ्याला सहज विचारावं तसं विचारलं: आम्ही चीनच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला तर तुम्ही काय कराल? या प्रश्नाने अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना चीनची किंमत कळली असणार, असं मला वाटतं.

पण चीनशी बोलायचं कसं? डिसेंबरात वॉर्सामध्ये युगोस्लाव्हियाचा फॅशन शो होता. तिथे चिनी मुत्सद्दी दिसताच अमेरिकन राजदूत स्टोसेल त्यांच्याकडे निघाले, तर ते पळाले! राजदूत जिन्यावरून मागे धावले आणि दुभाष्याला गाठून पोलिश भाषेत निरोप दिला.

खरा रस्ता मात्र पाकिस्तानातून निघाला, आणि तिथेच आपण पुन्हा या गोष्टीत आलो. पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती, पण पाकिस्तानचा अध्यक्ष याह्याखान अमेरिका-चीनमधला मध्यस्थ, त्याला दुखवायचं कसं? जुलै १९७१ मध्ये पोटदुखीचं निमित्त करून निक्सनचे सल्लागार किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप पेकिंगला गेले. १५ जुलैला निक्सनने ते जगाला सांगितलं. ९ ऑगस्टला दिल्लीत परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि त्यांचे सोव्हिएत समपदस्थ ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या केल्या. कराराची बोलणी आधीपासून होती, पण सहीची घाई या बातमीने झाली.

डिसेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले, तेव्हा अमेरिका आणि चीन पाकिस्तानच्या बाजूने एक होते. सोव्हिएत प्रतिनिधी मलिक नकाराधिकार वापरून ठराव पाडत होते आणि चीनचे हुआंग ह्वा त्यांच्यावर तुटून पडत होते. याच खडाजंगीत भारतीय सैन्य ढाक्याच्या जवळ जवळ सरकत होतं.