गोळ्या फुकट, पण किराण्याचं काय?

नमस्कार श्रोतेहो.

मुंब्रा, किसननगर, दिघा, तुर्भे स्टोअर. ठाणे-नवी मुंबईतल्या या वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं निजतात. अशा घरात एकाला टीबी झाला की आपण आधी काय करतो? त्याचं ताट वेगळं करतो! टीबी पसरतो हवेतून, खोकल्यातून. खिडकी उघडी हवी, तोंडावर रुमाल हवा, गोळ्या लवकर सुरू व्हायला हव्यात. ताटाचा संबंध आहे, पण तो वेगळाच. त्यात पुरेसं काही पडतं का, एवढाच.

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन. यातलं काहीही असलं तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. हे सगळं तुम्ही पूर्वी ऐकलंय.

आता घरातलं चित्र पाहा. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत रोजंदारीवर जाणारा माणूस आजारी पडला की खाडे, आणि खाडे म्हणजे पगार नाही. औषध लागू पडून भूक परत येते, तेव्हा नेमके डबे रिकामे झालेले असतात. जरा बरं वाटलं की तो गोळ्या सोडून कामावर जातो. त्याला बेफिकीर म्हणायला आपलं काय जातं?

घरात शिधा पोचवला तर टीबीला आळा बसतो का, या प्रश्नावर झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना सगळ्यांनाच दरमहा शिधा दिला. मात्र जवळपास निम्म्या घरांत रुग्णासोबत बाकी कुटुंबालाही तांदूळ-डाळ मिळाली. त्या घरांत टीबीचे नवे रुग्ण सुमारे 39 टक्क्यांनी कमी निघाले. शिवाय उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही बरंच कमी होतं. वाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या मालानं हे साधलं, हो!

सरकार निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात महिन्याच्या हिशेबानं पैसे टाकतं. 2018 मध्ये ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. डाळ-तेलाचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून हजाराबद्दल मी काही बोलत नाही. त्याच्या जोडीला 2022 पासून निक्षय मित्र ही सोय आहे. कुणीही माणूस, सोसायटी, मंडळ किंवा कंपनी रुग्णाला पोषण आहार देऊ शकते, आणि आता त्याच्या घरच्यांनाही.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना, वाशी-नेरुळच्या गणेश मंडळांना माझं सांगणं एवढंच, की एकदाच पिशवी देऊन फोटो काढणार असाल तर राहू द्या. त्या फोटोमुळे चाळीत बोभाटा होतो, घरमालक खोली खाली करा म्हणतो. रुग्णाची संमती घ्या, त्याचं नाव कुठेही फोडू नका, आणि सहा महिने न चुकता द्या. शिधा घरातल्या सगळ्या तोंडांचा हिशेब धरून भरा, कारण एकट्यापुरता दिला तरी आई तो पोरांना वाढणारच. आणि घरच्यांनाही टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या मिळतात; त्या सुरू झाल्या का, तेही विचारा.

निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवायला जवळच्या पालिका आरोग्य केंद्रात जा, किंवा 1800-11-6666 वर फोन करा. फोन फुकट आहे.