वाक्य अडतं तेव्हा

लिहायला बसल्यावर लक्ष नेमकं कधी उडतं, हे मी बरेच दिवस स्वतःवर नजर ठेवून पाहिलं. वाक्य सरळ चाललेलं असताना ते उडत नाही. ते उडतं वाक्य अडल्यावर. शब्द सुचत नसतो, कर्सर लुकलुकत असतो आणि तेवढ्यात हात माउसकडे जातो. मथळा ठळक करून पाहू, ओळींतलं अंतर जरा वाढवू, फॉन्ट बदलून बघू. हे सगळं कामासारखं दिसतं, म्हणूनच ते जास्त घातक. गप्पा मारत बसलो तर निदान मनाला टोचणी लागते. फॉन्ट निवडताना तीही लागत नाही. अर्ध्या तासाने पान देखणं झालेलं असतं आणि वाक्य होतं तिथेच.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की लिहिण्याच्या साधनाने त्या अडलेल्या क्षणी आपल्याला पळवाट देऊ नये.

साधा नोटपॅड घ्या. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून तो आहे. त्यातल्या टेक्स्ट फाइलमध्ये अक्षरांशिवाय काही साठतच नाही, त्यामुळे सजावटीला फारसा वाव नसतो. अलीकडे त्यातही शुद्धलेखनाची तपासणी आली आहे. ती बंद करता येते, आणि पहिला खर्डा लिहिताना ती बंदच असावी. लाल नागमोडी रेघ दिसली की आपण मागे जातो. मराठीत तर पुष्कळदा बरोबर शब्दाखालीही ती रेघ उमटते, आणि आपण उगाच स्वतःवर शंका घेत बसतो. मथळे हवेतच असतील तर मार्कडाउनची पद्धत आहे, २००४ पासूनची: ओळीच्या सुरुवातीला # टाकायचं की झाला मथळा. हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही.

फॉन्टपेक्षा मोठा शत्रू म्हणजे ‘जरा बघून घेतो’. एखादं साल आठवत नाही, आपण ब्राउझर उघडतो, साल सापडतं, शेजारी न वाचलेली ईमेलही दिसते. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली यावर एक निबंध लिहिला. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, विशेषतः पहिलं अर्धवट सोडलेलं असेल तर, आणि त्याने दुसरं काम बिघडतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे ईमेल नुसती पाहून परत आलो, तरी आपण पुरते परत आलेलो नसतो. त्यात आपलं वाक्यही मागे अर्धवटच पडलेलं असतं.

यावर मी जे करतो ते फार साधं आहे. इंटरनेट बंद. साल आठवलं नाही तर त्या जागी दोन फुल्या मारायच्या आणि पुढे जायचं. नाव आठवलं नाही, दोन फुल्या. नेमका शब्द सापडत नसेल तर जवळचा शब्द लिहायचा आणि त्याच्यापुढे फुल्या. पहिले काही दिवस हात शिवशिवतात, खरंच फार शिवशिवतात. मग लक्षात येतं की फुली मारल्यावरही वाक्य चालू राहतं. त्या सालावाचून ते अडलेलं नव्हतंच.

संध्याकाळी शोधाच्या चौकटीत फुल्या टाकतो, एकेक जागा समोर येते, आणि तेव्हाच इंटरनेट चालू करतो. काही फुल्यांपाशी पोहोचल्यावर कळतं, की ते अख्खं वाक्यच नको होतं.