रिपोर्टमधला आकडा आणि रुग्णाचा श्वास

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या नाशकात ज्यांच्या घरी कुणी कोविड पॉझिटिव्ह होतं, त्यांना सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच ही रक्ततपासण्यांची नावं तोंडपाठ झाली होती. मोबाईलवर रिपोर्ट यायचा, ठळक अक्षरातला आकडा दिसायचा आणि सगळं घर हादरायचं. लाट ओसरली, पण सवय राहिली. आजही दोन दिवस ताप-खोकला झाला की लोक विचारतात, 'डॉक्टर, सीआरपी करून घेऊ का?' श्वसनाचा विषाणूजन्य आजार कुणाला जड जाणार, हे रक्तावरून सांगता येतं का, हाच आजचा विषय. माझं उत्तर असं, की मदत होते, पण नुसत्या रक्तावर भरवसा ठेवता येत नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृताला निरोप जातो आणि काही तासांत हे प्रथिन वाढू लागतं. दाह थांबला की उतरू लागतं. म्हणजे दाह किती आहे हे ते सांगतं. कुठे आहे आणि कशामुळे आहे, हे सांगत नाही. दाढ सुजली तरी सीआरपी वाढतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कोविडमध्ये कमी होतात, एलडीएच पेशींची मोडतोड झाली की वाढतं, डी-डायमर रक्ताची गुठळी तयार होऊन विरघळताना वाढतं. पण गरोदरपणात किंवा ऑपरेशननंतरही डी-डायमर वाढलेलंच असतं.

त्यात वेळेचा प्रश्न आहे. कोविडमध्ये प्रकृती बिघडलीच, तर ती बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बिघडायची. दुसऱ्याच दिवशी तपासणी करून 'सगळं नॉर्मल' म्हणून निर्धास्त झालेलं घर मला जास्त काळजीत टाकतं. निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार इथे बसले आहेत. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा अंदाज बांधताना तुम्ही नुसता पावसाचा आकडा बघता का? पान किती वेळ ओलं राहिलं, बाग कोणत्या अवस्थेत आहे, हे बघूनच फवारणी ठरवता. रक्ताचा आकडाही तसाच वाचायचा.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये हजारो दाखल रुग्णांची माहिती घेऊन 'फोर-सी' नावाचा स्कोर तयार केला. त्यात आठ गोष्टी मोजतात: वय, लिंग, इतर आजार किती, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, रुग्ण कितपत शुद्धीवर आहे, रक्तातला युरिया आणि सीआरपी. आठांपैकी रक्ताच्या तपासण्या दोनच! त्यातला युरिया ही तर अगदी साधी, स्वस्त तपासणी. ० ते ३ गुण असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे १ टक्का होतं, १५ किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांत सुमारे ६२ टक्के. पण हे सगळे रुग्णालयात दाखल झालेले लोक होते. घरी ताप अंगावर काढणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे आकडे लावता येत नाहीत.

त्याच वर्षी वुहानच्या रुग्णांवरून एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी अशा तीनच तपासण्यांचं एक गणित मांडलं गेलं. फार गाजलं. नेदरलँड्स, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते आपापल्या रुग्णांना लावून पाहिलं, तर दाखल होतानाच्या रक्तावर ते तितकं चाललं नाही.

आता हिशेब करू. समजा हजार लोकांना ताप आहे आणि त्यातले ५० पुढे गंभीर होणार आहेत. एखादी तपासणी त्या ५०पैकी ४५ जणांना बरोबर पकडते आणि उरलेल्या ९५०पैकी ९५ जणांना उगाच धोक्यात दाखवते. ऐकायला तपासणी चांगलीच वाटते. पण 'धोका' असा रिपोर्ट आलेल्या १४० जणांपैकी खरे गंभीर होणारे ४५च. बाकीच्या घरांचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे.

आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. नुसता सीआरपी वाढला म्हणून ऑक्सिजन चांगला असलेल्या लोकांना घरच्या घरी स्टिरॉइड सुरू झाली. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा दिसला तो ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांना. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही. आपल्याकडे मधुमेह घरोघरी. स्टिरॉइडने साखर भडकली आणि त्यातून म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, किती जणांच्या डोळ्यांपर्यंत गेला! शिवाय स्टिरॉइडने सीआरपी उतरतो आणि पांढऱ्या पेशींचं प्रमाणही बदलतं, त्यामुळे पुढचे रिपोर्ट वाचणंच अवघड होऊन बसतं.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. एक लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते, दुसरी प्रति डेसिलिटरमध्ये. पहिलीचे ६० म्हणजे दुसरीचे ६. घरातले म्हणतात, 'साठचा सहावर आला', आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. म्हणून फेरतपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. सुरगाणा, पेठकडून नमुना उन्हातून हिंदकळत शहरात आला तर लाल पेशी फुटतात आणि एलडीएच खोटंच वाढलेलं दिसतं. 'नमुना फुटलेला होता का?' असं लॅबला विचारायला संकोचू नका.

साठीपुढच्या किंवा मधुमेही माणसाचा ताप पाचव्या दिवशीही उतरला नसेल, तर रक्त जरूर तपासा. त्याआधी त्याला शांत बसवून, त्याला न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. मग ऑक्सिमीटर लावा आणि ६ मिनिटं चालवून पुन्हा लावा; बसल्याजागीच धाप लागत असेल तर मात्र चालवू नका. श्वास मिनिटाला २४ किंवा त्याहून जास्त असतील, ऑक्सिजन ९४च्या खाली असेल किंवा चालल्यावर तीनहून जास्त अंकांनी घसरला असेल, तर लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णाला घेऊन थेट दवाखान्यात या.