खाडीपाशी थांबणारा रस्ता

(कोकण किनाऱ्याने दापोलीहून शिरगावपर्यंत केलेल्या सायकलप्रवासाच्या चित्रफितीचे निवेदन.)

(दृश्य : दापोलीबाहेरचा उतार, सकाळचे धुके, कॅमेरा पुढच्या चाकाजवळ.)

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंचीवर आहे आणि दाभोळची जेटी खाडीच्या पाण्याला टेकलेली आहे, त्यामुळे नकाशा पाहून निघणाऱ्या सायकलस्वाराला वाटते की मधले २८ किलोमीटर नुसते हँडल धरून बसायचे आहे. पुढच्या चाकाकडे पाहत राहिले की हा भ्रम फिटतो. रस्ता एखाद्या पऱ्ह्यापर्यंत, म्हणजे लहान ओढ्यापर्यंत उतरतो, मोरी ओलांडतो आणि जेवढा उतरला जवळजवळ तेवढाच पुन्हा चढतो. भाद्रपदाचा शेवटचा आठवडा होता, भाताच्या लोंब्या वाकू लागल्या होत्या, आणि दाभोळच्या शेवटच्या उतारापर्यंत आम्हाला भेटलेली वाहने दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आली.

(दृश्य : दाभोळची जेटी, फेरीबोटीचा पुढचा फाळका खाली येतो.)

दाभोळला हा रस्ता संपतो, म्हणजे अक्षरशः पाण्यात उतरतो. समोर वाशिष्ठीचे मुख आहे, मागे आदिलशाही काळातील घुमटाची मशीद आहे, आणि याच बंदरातून पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या जहाजावर चढला होता. फेरीबोटी येण्यापूर्वी कोकणातील अशा खाड्यांवर ‘तर’ चालत असे. तर म्हणजे माणसांना पैलतीरी नेणारी होडी. आता मोटारी, दुचाकी आणि आमच्या सामान लादलेल्या सायकली एकाच बोटीत उभ्या राहतात. खलाशी फाळका खाली सोडतो तेव्हा तो काठाला कोणत्या कोनात टेकेल हे भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून ओहोटीच्या वेळी जड सायकल आत ढकलताना दोघे लागतात. ही बोट नसेल तर पलीकडच्या गुहागरला चिपळूणमार्गे जावे लागते आणि ते अंतर शंभर किलोमीटरहून अधिक भरते. आम्ही धोपाव्याला दहा मिनिटांत उतरलो.

या रस्त्याची शांतता खाड्यांनी राखलेली आहे, असे आमचे मत या बोटीवर बनले. ज्याला घाई असते तो मुंबई-गोवा महामार्गाने जातो. बोटीची वाट पाहायला जो तयार असतो, तोच इकडे येतो.

(दृश्य : पालशेतच्या पुढचा सडा, आडवे चित्र, क्षितिजापर्यंत कातळ.)

गुहागरच्या दक्षिणेला रस्त्याचा खरा स्वभाव कळतो. वर दिसतो तो सपाट, काळपट माळ म्हणजे सडा, आणि त्याखालचा तांबडा दगड म्हणजे जांभा. लाखो पावसाळ्यांनी मूळचा काळा बेसॉल्ट झिजवून, त्यातील विरघळणारे धुऊन नेऊन, लोह मागे ठेवून हा दगड घडवला आहे. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कठीण होतो, म्हणूनच त्याचे चिरे पाडून घरे बांधता येतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी सड्यावर फार काळ टिकत नाही. ते आत मुरते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. साहजिकच वस्ती खाली, झऱ्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये, नारळी-पोफळीच्या वाड्यांत बसली. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर मधला सडा चढून उतरण्यावाचून गत्यंतर नसते. सायकलस्वाराच्या पोटऱ्या दिवसभर ज्या तक्रारी करतात, त्यांचे मूळ या दगडात आहे.

या दिवसांत कातळाच्या खळग्यांत साचलेल्या वीतभर पाण्याभोवती सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुले आणि गेंदाची पांढरी बोंडे असतात. सायकल आडवी ठेवून, पोटावर झोपून हे चित्रण केले आहे.

(दृश्य : मागची चकती आणि चेन, अगदी जवळून.)

पायथ्यापासून सड्यापर्यंतची चढण शंभर-सव्वाशे मीटरची असली, तरी ती थोडक्या अंतरात उरकलेली असते. आमच्या सायकलींना पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चकतीही ३४ दात्यांची होती. म्हणजे पेडलची एक फेरी झाली की चाकाचीही एकच फेरी होते आणि सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी आठ किलोमीटरचा वेग मिळतो. हा वेग हास्यास्पद वाटेल, पण पंधरा किलोंचे सामान पाठीशी असताना तो टिकवता येतो, आणि टिकवता येणारा वेगच चढावर खरा. गिअर मात्र चढ लागण्याआधी बदलावा लागतो. पायांचा पूर्ण भार चेनवर असताना बदलला तर ती कर्र आवाज करून दोन चकत्यांच्या मध्ये अडकते. तो आवाज या चित्रफितीत तीनदा ऐकू येतो आणि तीनही वेळा चूक निवेदकाची आहे. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नये, पुढचा आणि मागचा आलटून पालटून दाबावा, कारण सतत घासणारी रिम तापते आणि पावसानंतरच्या जांभ्याच्या लाल चिखलात ब्रेकचे रबर पाहता पाहता झिजते.

(दृश्य : ट्यूब पाण्यात, बुडबुडे.)

वेळणेश्वरच्या अलीकडे करवंदीचा काटा मागच्या टायरमध्ये घुसला. हवा भरलेली ट्यूब आम्ही रस्त्याकडेच्या पऱ्ह्यात बोटभर बोटभर बुडवत गेलो, तेव्हा व्हॉल्व्हपासून चार बोटांवर बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. जागा पुसून कोरडी केली, पॉलिश कागदाने खरवडली, सोल्यूशन लावले आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून वर पॅच दाबला. घाई करून ओल्या सोल्यूशनवर पॅच चिकटवणारे पुढच्या गावी पुन्हा याच कामाला बसतात. भारा घेऊन चाललेल्या एका आजींनी थांबून सगळे पाहिले आणि विचारले, “बाळांनो, गाडी सोडून हे कशाला रे?” उत्तर आम्हाला सुचले नाही, म्हणून ते चित्रफितीतही नाही.

(दृश्य : समोरून येणारी एसटी.)

एकपदरी ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ३.७५ मीटर असते आणि एसटी अडीच मीटर रुंद असते. उरलेल्या सव्वा मीटरमध्ये एक सायकल, तिच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या आणि दगडी गडग्यावरून लोंबणारी रानवेल यांना जागा करायची असते. येथे चालकाने गाडी आधीच मोकळ्या जागी घेतली आणि हाताने आम्हाला पुढे यायला सांगितले. अरुंद रस्त्यावर दोघांनाही थांबावे लागते.

(दृश्य : हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या कातळातली अरुंद भेग, भरतीची लाट. निवेदन नाही.)

(दृश्य : तवसाळची जेटी, संध्याकाळ.)

तवसाळला रस्ता पुन्हा पाण्यापाशी थांबतो. येथे शास्त्री नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे जयगडचा किल्ला दिसतो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाच्या प्रकल्पात दाभोळ आणि जयगड या दोन्ही खाड्यांवरील पूल अंतर्भूत आहेत. ते झाले की रुग्णाला, मासळीला आणि शाळकरी मुलांना बोटीच्या वेळेवर अवलंबून राहावे लागणार नाही, आणि वाहतूकही त्या प्रमाणात वाढेल. बोटीत आमच्या शेजारी बर्फाच्या पेट्या घेऊन एक टेम्पो उभा होता आणि त्याचा चालक सारखे घड्याळ पाहत होता.

जयगडजवळ बंदर आणि वीज प्रकल्प असल्यामुळे पुढचा काही भाग अवजड वाहनांचा आहे. तो आम्ही कॅमेरा पिशवीत ठेवून पार केला.

(दृश्य : मालगुंड, नंतर आरे-वारेचा चढ.)

केशवसुतांचे जन्मगाव असलेल्या मालगुंडला आम्ही पाण्यासाठी थांबलो, गणपतीपुळे गर्दी होण्याआधी मागे टाकले आणि ऊन चढण्यापूर्वी आरे-वारेच्या चढाला लागलो. येथे रस्ता समुद्राच्या अगदी कडेने डोंगराच्या कुशीत चढतो. वरून दोन्ही किनारे एकाच चौकटीत येतात, त्यामुळे येथे मोटारी थांबलेल्या असतात. आम्ही त्यांच्यामधून वाट काढली.

काळबादेवी मागे पडल्यावर शेवटची खाडी येते ती साखरतरची. गावाच्या नावात तर आहे, पण आता खाडीवर पूल आहे. तो ओलांडायला इतका थोडा वेळ लागला की पिशवीतून कॅमेरा काढेपर्यंत आम्ही शिरगावच्या बाजूला पोहोचलो होतो. म्हणून त्या खाडीचे चित्रण आमच्याकडे नाही.